उष्ण रंग की शीत रंग? ठाणे-नवी मुंबईच्या घरात भिंतीचा रंग कसा ठरवावा

राममारुती रस्त्यावर साडी घ्यायला गेलेली बाई दुकानातल्या दिव्याखाली रंग पक्का करत नाही. पदर उचलून दारापर्यंत येते, रस्त्यावरच्या उजेडात धरते आणि मग ठरवते की ही अबोली आहे की नुसतीच गुलाबी. साडीसाठी आपण एवढं करतो. पुढची सहा-सात वर्षं रोज जिच्याकडे बघायचं त्या भिंतीचा रंग मात्र शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावरून, रात्री ट्यूबलाइटखाली, दहा मिनिटांत ठरतो.

माझ्या हातून हे झालेलं आहे. ऐरोलीला राहत होतो तेव्हा पश्चिमेच्या बेडरूमला पीच रंग दिला. डिसेंबर होता, सकाळची वेळ, रंग इतका मऊ दिसत होता की मी हॉललाही तोच देणार होते. एप्रिल उजाडला आणि दुपारी चारनंतर त्या खोलीत थांबवेना. खाडीवरून थेट येणारं ऊन पडद्यातून झिरपायचं आणि चारही भिंती भट्टीसारख्या नारिंगी दिसायच्या. रंगात खोट नव्हती. मी त्याला चुकीच्या उजेडात आणि चुकीच्या महिन्यात पाहिलं होतं. तेव्हापासून स्वतःच्या, बहिणीच्या आणि दोन-तीन शेजाऱ्यांच्या घराचे रंग ठरवताना जी पद्धत वापरत आले, ती इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिते आहे.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ

शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेल्यांना रंगचक्र आठवत असेल. लाल, नारिंगी, पिवळा हे उष्ण; निळा, निळसर हिरवा, जांभळा हे शीत. घराच्या भिंतीवर मात्र असा निखळ रंग क्वचितच लागतो. भिंतीचा रंग म्हणजे बहुतेक वेळा भरपूर पांढरा आणि त्यात कशाची तरी झाक. म्हणून विचारायचं ते झाकेबद्दल. मोतिया, श्रीखंडी, बदामी, अबोली, गव्हाळ यांच्या तळाशी पिवळं किंवा तांबडं असतं. अस्मानी, पुदिना, लव्हेंडर यांच्या तळाशी निळं. हिरवा मध्येच उभा असतो: पोपटीत पिवळं जास्त म्हणून तो उष्णाकडे झुकतो, मोरपिशी शीताकडे. राखाडी सगळ्यात फसवा. एक राखाडी निळ्यावर जातो, दुसरा उंदरी, म्हणजे तपकिरीकडे झुकणारा होतो, आणि कार्डावर दोन्ही सारखेच दिसतात.

झाक ओळखायची सोपी युक्ती म्हणजे शेडकार्डाची पट्टी साध्या पांढऱ्या कागदावर ठेवायची. एकट्यानं पाहिलेला ऑफ व्हाइट पांढराच वाटतो. कागद शेजारी आला की तो पिवळा आहे, गुलाबी आहे की हिरवट, ते उघड होतं. आणि त्याच पट्टीवरचा सर्वांत गडद चौकोन बघा. बहुतेक पट्ट्यांत एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा असतात, त्यामुळे फिक्या चौकोनात लपलेली झाक गडदात बोलते.

एक गैरसमज इथेच बाजूला ठेवू. आतल्या भिंतीला निळा रंग दिल्यानं खोलीचं तापमान उतरत नाही. थर्मामीटरचा आकडा छज्जा, पडदा, वारा आणि गच्ची यांवर ठरतो. रंग बदलतो तो आपल्याला होणारा भास. तापलेल्या खोलीत डोळ्याला थोडा विसावा मिळणं ही लहान गोष्ट नाही, पण त्या भरवशावर पडदा किंवा वाळ्याची ताटी टाळू नका.

पायरी पहिली: उजेडाची वही

खोलीत एक वही ठेवा. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच आणि रात्री नऊ, अशा चार वेळा आत जाऊन दोन ओळी लिहा: ऊन थेट येतं का, कुठल्या भिंतीवर पडतं, दिवा लावावा लागतो का. शेजारी हेही लिहा की खोली खरोखर कधी वापरली जाते. नोकरी करणाऱ्या जोडप्याची बेडरूम दुपारी कशी दिसते याला काही महत्त्व नाही; ती रात्री आणि सकाळी सात वाजता कशी दिसते यालाच आहे.

मग मोबाइलमधल्या होकायंत्रावर खिडकीची दिशा पाहा. इंटरनेटवर या बाबतीत एक नियम सारखा भेटतो: उत्तरेच्या खोलीत थंड उजेड, म्हणून उष्ण रंग द्या, दक्षिणेच्या खोलीत शीत द्या. हा नियम थंड देशांतल्या सूर्यावर बेतलेला आहे. आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर राहतो. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो, आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन डोकावतं. दक्षिणेची खिडकी मे महिन्यात छज्जाच्या सावलीत जवळपास बिनउन्हाची राहते. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवर उतरतो, तेव्हा ऊन त्याच खिडकीतून पार पलंगापर्यंत येतं. म्हणजे आपल्याकडे उत्तर-दक्षिणेचा फरक तितका टोकाचा नाही. खरा प्रश्न पश्चिमेचा आहे.

आणि पश्चिमही सगळीकडे एकच नाही. वर्तकनगर, वसंतविहार किंवा घोडबंदर रस्त्यावर पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत. खालच्या मजल्यांवर सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि मग बराच वेळ सौम्य, निळसर उजेड उरतो. वाशी, कोपरखैरणे, ऐरोलीला पश्चिमेला खाडी आणि मोकळं आकाश. तिथे सूर्य शेवटपर्यंत खिडकीत बसलेला असतो, वर पाण्यावरून परावर्तन. त्यामुळे ठाण्यातल्या मावशीच्या पश्चिमेच्या खोलीत शोभलेला पिवळसर रंग वाशीतल्या पुतणीच्या पश्चिमेच्या खोलीत डोळ्यावर येऊ शकतो.

दिशेनंतर खिडकीबाहेर काय आहे ते पाहा. माझ्या अनुभवात रंग बिघडण्याचं मोठं कारण हेच असतं आणि कोणी ते तपासत नाही. पाचपाखाडीतल्या जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर, खिडकीला लागून आंबा किंवा गुलमोहर असेल तर आत येणारा उजेड पानांतून गाळून हिरवा होऊन येतो. अशा खोलीत फिका पिवळा दिला की तो लिंबाच्या सालीसारखा दिसायला लागतो, आणि फिका अबोली मात्र हिरवेपणा मारून शांत क्रीम दिसतो. समोर वीस-तीस फुटांवर विटकरी रंगाचा टॉवर असेल तर दुपारी खोलीत तांबूस झाक येते. बाल्कनीच्या ग्रिलला हिरवी जाळी लावली असेल तर तीही रंगाची भागीदार. हे सगळं वहीत लिहा.

पायरी दुसरी: भिंतीआधी दिवा

रंग निवडून मग दिवे बदलणं हा उलटा क्रम आहे. एलईडीच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे दुकानदार काही न विचारता बहुधा ६५०० चाच हातात देतो. त्या उजेडात श्रीखंडी भिंत मळकट, थोडी हिरवट दिसते; अबोली फिकुटते. उलट ३००० च्या दिव्याखाली नाजूक अस्मानी राखेसारखा होतो आणि लव्हेंडर जवळजवळ नाहीसा होतो.

माझं मत असं की ज्या घरात संध्याकाळनंतरच माणसं जमतात तिथे दिव्याचा निर्णय खिडकीपेक्षा मोठा आहे. हॉल आणि झोपायच्या खोलीत ३०००, ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० हा मेळ मला सर्वांत चालला. मुलं दहावी-बारावीची आहेत म्हणून ६५०० चा दिवा हवाच असेल तर ठेवा, पण मग त्या खोलीत पिवळ्या झाकेचा रंग निवडू नका. खोक्यावर सीआरआय हा आकडाही शोधा. तो ९० च्या आसपास असेल तर भिंत, कपडे आणि माणसांचे चेहरे अधिक खरे दिसतात.

पायरी तिसरी: जे बदलणार नाही ते आधी मांडा

फरशी, ओटा, कपाटाचं लॅमिनेट, दारं, सोफा. भिंतीचा रंग यांच्याशी संसार करणार आहे. जुन्या सिडकोच्या घरांत कोटा दगडाची फरशी आहे आणि कोट्याची झाक हिरवट-राखाडी. त्यावर गुलाबी क्रीम भिंत आली की फरशी आणखी हिरवी दिसते. पिवळसर मोतिया किंवा मऊ शेवाळी जमतो. नव्या टॉवरमध्ये बिल्डरनं बहुधा आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल दिलेली असते आणि तिच्यात पिवळी किंवा गुलाबी झाक असते. निळसर राखाडी भिंत उभी केली की ती टाइल पिवळी पडल्यासारखी, जुनाट वाटू लागते. राखाडी हवाच असेल तर उंदरीकडे झुकणारा घ्या.

फरशीची झाकही पांढऱ्या कागदानंच कळते. कागद फरशीवर टाका आणि उभं राहून बघा. ऊन फरशीवर पडून भिंतीवर उसळतं, म्हणून ही तपासणी फरशी आणि भिंत जुळतात का एवढ्यापुरती राहत नाही; फरशी भिंतीचा रंग प्रत्यक्ष बदलते.

पायरी चौथी: चार रंग, पण एकाच उजळपणाचे

आता दोन उष्ण आणि दोन शीत छटा निवडा. बहुतेकांची गफलत इथे होते. एका हातात फिका क्रीम आणि दुसऱ्या हातात मध्यम गडद निळा धरून 'उष्ण रंगानं खोली मोठी वाटते' असं म्हटलं जातं. ही तुलना उष्ण-शीताची झालीच नाही, फिक्या-गडदाची झाली. भिंत मागे सरकल्यासारखी वाटणं हे निळेपणापेक्षा उजळपणावर आणि रंगाच्या तीव्रतेवर जास्त अवलंबून असतं. फिका अबोली गडद मोरपिशीपेक्षा खोली मोकळी दाखवणारच.

उजळपणा मोजायला एलआरव्ही नावाचा आकडा असतो. तो शून्य ते शंभर असतो आणि रंग किती उजेड परत फेकतो ते सांगतो. काही कंपन्या तो शेडबरोबर देतात. मिळाला तर चारही छटा पाच-सात अंकांच्या आत ठेवा. नाही मिळाला तर चारही चौकोन शेजारी ठेवून मोबाइलवर एकच फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. चारही जवळपास सारखे करडे दिसले तर तुलना न्याय्य आहे. आपल्या दहा बाय दहाच्या, एका खिडकीच्या बेडरूमला मी ६५ ते ८० मधलेच रंग बघते. त्याखाली गेलं की दिवसाही दिवा लागतो.

पायरी पाचवी: फळीवर रंगवा, भिंतीवर नको

जुन्या रंगाच्या भिंतीवर चार ठिगळं लावून निवड करायची पद्धत मला पटत नाही. जुनी भिंत हिरवी असेल तर तिच्यावरचं प्रत्येक ठिगळ शेजारच्या हिरव्यामुळे तांबूस भासतं. ठिगळं एकमेकांना चिकटून असली तर तीही एकमेकांना खेचतात.

त्याऐवजी दोन बाय दोन फुटांच्या चार फळ्या घ्या: हार्डबोर्ड, पातळ प्लाय, अगदी टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठाही चालेल. एक हात पांढऱ्या प्रायमरचा, त्यावर दोन हात नमुन्याच्या रंगाचे. लहान नमुना डबे मिळतात. नाहीच मिळाले तर एक-एक लिटर घ्या. चुकीच्या रंगाचे दहा लिटर ओतण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. सगळीकडून दोन इंच पांढरी कड सोडा, म्हणजे मागच्या भिंतीचा रंग डोळ्याला फसवणार नाही. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून पूर्ण रात्र वाळू द्या आणि मगच पाहा.

दुसऱ्या दिवशी फळ्या खोलीत फिरवा. खिडकीसमोरच्या भिंतीवर उजेड भरपूर पडतो. खिडकी ज्या भिंतीत आहे ती स्वतः कायम सावलीत असते. एकच रंग या दोन भिंतींवर दोन रंगांसारखा दिसतो. चारही फळ्या दोन्हीकडे ठेवून पाहा. वहीतल्या त्याच चार वेळांना पाहा, आणि रात्री नव्या दिव्याखाली.

मग एक फळी कोपऱ्यात काटकोनात लावा आणि त्याच रंगाची दुसरी तिच्या शेजारी. दोन भिंती एकमेकींवर रंग उसळवतात तेव्हा तो किती दाट होतो ते इथे कळतं. चारही भिंती रंगल्या की छटा फळीपेक्षा दाट वाटते, म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक घर फिकी छटा घेणं बहुतेक वेळा बरोबर ठरतं. माझ्या पीचच्या बाबतीत एवढं एक केलं असतं तरी खोली वाचली असती.

फळीशेजारी घरातल्या ओळखीच्या वस्तू धरा. स्वतःचा तळहात, दह्याची वाटी, नेहमीची चादर. जेवणाच्या जागेसाठी तर वरण-भाताचं ताट फळीसमोर ठेवून बघाच. निळसर भिंतीसमोर, निळसर दिव्याखाली पिवळं वरण उदास दिसतं. मोतिया किंवा बदामीसमोर तेच वरण भूक लावतं. आरशाच्या भिंतीला चेहऱ्याची कसोटी. पुदिन्याच्या झाकेत गव्हाळ चेहरा थकलेला दिसू शकतो.

फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर मत मागू नका. मोबाइलचा कॅमेरा पांढरा रंग स्वतःच्या हिशेबानं दुरुस्त करतो, त्यामुळे तुम्ही पाहिलेला रंग पलीकडे पोचतच नाही. ज्यांचं मत हवं आहे त्यांना चहाला बोलवा.

खोलीनुसार माझा कौल

पश्चिमेची बेडरूम, खाडीकडे मोकळी: शीत, पण निळा नव्हे. राखाडीत थोडा हिरवा मिसळलेला फिका शेवाळी. संध्याकाळचं नारिंगी ऊन त्यावर पडलं की तो सौम्य बदामी भासतो, आणि रात्री पिवळ्या दिव्याखालीही मरत नाही. ऐरोलीच्या खोलीला शेवटी हाच दिला आणि घर सोडेपर्यंत बदलावा लागला नाही.

समोर दुसरी इमारत असलेली, दिवसाही अंधारी खोली: इथे पांढरा देण्याचा मोह आवरा. उजेड कमी असताना निखळ पांढरा राखी आणि उदास दिसतो. हस्तिदंती किंवा फिका श्रीखंडी द्या.

पूर्वेचं स्वयंपाकघर: सकाळी सोनेरी ऊन, पण मुख्य राबता संध्याकाळच्या दिव्यात. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा असेल तर उष्ण फिका रंग बरा वाटतो. फोडणीची वाफ आणि तेलाचे डाग लक्षात घेऊन धुता येईल असं इमल्शन घ्या.

वयस्कर माणसाच्या खोलीवर थोडं जास्त बोलते. वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळं होत जातं आणि निळा प्रकाश आत कमी पोचतो. आपल्याला प्रसन्न वाटणारा फिका निळा आजींना नुसता मळकट राखाडी दिसतो. माझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि घरी आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अगं, भिंतीला रंग कधी दिलास?" रंग तोच होता; त्यांना तो इतकी वर्षं पिवळा दिसत होता. म्हणून त्यांच्या खोलीचा रंग त्यांनाच दाखवून ठरवा, आणि ऑपरेशन होणार असेल तर त्यानंतर. भिंत, दाराची चौकट आणि स्विचबोर्ड यांत उजळपणाचा ठळक फरक ठेवा. रात्री उठल्यावर बटण आणि उंबरठा चटकन सापडणं हे सौंदर्याइतकंच महत्त्वाचं आहे.

मुलांच्या खोलीबद्दल एवढंच, की गडद आवडता रंग एका भिंतीपुरता ठेवा आणि ती भिंत पलंगाच्या उशामागची निवडा. झोपताना ती डोळ्यासमोर येत नाही आणि दोन वर्षांनी आवड बदलली तर एकच भिंत रंगवावी लागते.

आपल्याकडे हॉलमधून पॅसेज आणि दोन्ही बेडरूमची दारं एकदम दिसतात. चार खोल्यांत चार स्वभावाचे रंग असले की दारात उभं राहिल्यावर घर तुकड्यातुकड्यांचं वाटतं. बेडरूमला शीत आणि हॉलला उष्ण द्यायला हरकत नाही, पण छत, पॅसेज आणि दारांच्या चौकटी यांना सगळीकडे एकच पांढरा ठेवा. तो पांढराही हॉलच्या रंगाच्या झाकेशी जुळणारा घ्या.

पावसाळा आणि ओल

फळ्या एप्रिलमध्ये पाहिल्या असतील तर जूनचं घर वेगळं असेल. जून ते सप्टेंबर आकाश राखाडी, ऊन दिवसेंदिवस नाही, सगळा उजेड निळसर आणि पसरलेला. ज्या घरात आधीच उजेड कमी आहे तिथे शीत राखाडी या चार महिन्यांत जड होतो. दुपारी ऊन असताना खिडकीला जाड पांढरी चादर लावून फळ्या पाहिल्या की थेट ऊन नसतानाच्या खोलीचा थोडाफार अंदाज येतो.

रंगकाम पावसाळा संपल्यावर, भिंती कोरड्या झाल्यावरच काढा. बाहेरच्या भिंतीतून ओल येत असेल, पोपडे निघत असतील, पांढरी खार फुटत असेल तर आधी गळतीचा उगम शोधून बंद करा. ओलीचा डाग तपकिरी-पिवळा असतो, म्हणून तो अस्मानीवर लगेच दिसतो आणि बदामीवर लपतो. डाग लपवण्यासाठी उष्ण रंग निवडणारे मी पाहिले आहेत. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या भिंतीची लांबीच (रंगाखालची पुट्टी) फुगून हातात आली.

किती रंग लागेल, आणि डबा उघडताना

दहा बाय बाराची खोली, उंची साडेनऊ फूट धरू. चार भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, गुणिले साडेनऊ म्हणजे ४१८ चौरस फूट. एक दार आणि एक खिडकी वजा केली की ३७५ च्या आसपास उरतं. चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण १२० चौरस फूट झाकतं असं धरलं तर तीन लिटरहून थोडा जास्त, म्हणजे चार लिटरचा एक डबा पुरतो. गडद जुन्या रंगावर फिका देत असाल तर तिसऱ्या हाताची तयारी ठेवा. डब्यावर छापलेला आकडा पाहून हिशेब जुळवून घ्या.

चमक कमी असलेला फिनिश घ्या. चकचकीत भिंत खिडकीचं ऊन आणि दिवा आरशासारखा परत फेकते, लांबीतले उंचवटे दाखवते आणि रंगाची झाक बघूच देत नाही. एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी टिंट करून, म्हणजे दुकानात छटा मिसळून, आणा. दोन डबे असतील तर दोन्ही एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच रोलर बुडवा, नाहीतर भिंतीच्या मध्यावर फरकाची रेघ दिसते.

पेंटरला सांगा की पहिला हात आधी एकाच भिंतीवर मारायचा. ती वाळू द्या, रात्री दिवा लावून पाहा आणि मगच बाकीच्या तीन भिंतींना हो म्हणा. त्याचा थोडा वेळ जातो, तेवढा आधीच ठरवून घ्या.

उरलेला रंग छोट्या बरणीत काठोकाठ भरून घट्ट बंद करा. स्विचबोर्ड बदलला किंवा खिळा काढला की तेवढ्यापुरता तोच लागतो. रंगाचं नाव, कोड, फिनिश आणि तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवा. शेडकार्ड हरवतं, पावतीवरची शाई उडते, कपाट जागेवरच असतं.